अक्षराला आठ आणे

अक्षराला आठ आणे घ्यायचे अण्णा.
काना-मात्रा-वेलांटी फुकट.
भांडी बाजारात, रासनेंच्या पायरीच्या कडेला,
मांडीत तांब्या, तांब्यावर सुई,
आणि सुईची ती टर्रर्र
जी घरी आल्यावरही बोटांत चालू असायची
वरणाची वाटी धरताना.

त्याच दुकानात आता मी.
गोदेच्या पुरात बिलाचं मशीन गेलं,
कुणाचं तरी वापरलेलं आणलं त्यांनी.
मी लिनक्स टाकलं, हिशेब चढवले.
अरविंदशेठ स्क्रीनपाशी वाकले:
"सुरू होताना हे कुठल्या परक्याचं चिन्ह?
दुकान माझं, वीजबिल माझं.
तुझ्या वडिलांनी अख्ख्या नाशकाची नावं घातली,
तुला एक जमत नाही?"

जमेल, म्हटलं.

थीमचं फोल्डर केलं, त्यात दोन फायली.
मशीन बंद करून चालू केलं
तर परक्याचंच चिन्ह. गाठोडं नव्यानं बांधायला विसरले होते,
ते छोटं गाठोडं, जे घेऊन कर्नल घराबाहेर पडतो.
बांधलं. पुन्हा चालू केलं.
नावाच्या जागी ओळीनं रिकामे चौकोन,
धुऊन पालथे घातलेल्या डब्यांसारखे.

इतक्या पहाटे
डिस्कची कडीही निघालेली नसते,
देवनागरी अजून झोपलेली असते आत.
अक्षरं मागायची नाहीत अशा वेळी.
चित्र न्यायचं सोबत.

माळ्यावर जुना तराजू होता, पितळी पारड्यांचा.
एका पारड्याच्या काठावर, चिंचेनं घासल्यावर दिसलं:
रासने, भांडी बाजार, नाशिक.
टिंबाटिंबांनी. अण्णांचाच हात,
'क'चा कान तसा दुसरं कुणी वळवत नाही.
फोननं फोटो काढला
आणि दोन रात्री टिंबं मोजून उचलली.
तीनशे बारा.
स्क्रिप्टला सांगितलं,
मशीन जसजसं जागं होईल
तसतसं एकेक टिंब पडू दे. एकदम नको.

ग्रबच्या ओळीत शेवटी दोन शब्द असतात,
क्वायट, स्प्लॅश.
गप्प राहा. झळक.
आत काय काय चाललंय, कोणती सेवा उठली, कोण अडखळलं,
ते सगळं पडद्यामागे.
एस्केप दाबला तरच दिसतं.
अण्णांच्या अंगठ्याला आता गरम-थंड कळत नाही
हे आम्हाला कुणीतरी असंच,
चुकून कुठलीशी कळ दाबली गेल्यावर कळलं.

लॅपटॉपवर दाखवलं त्यांना.
काळ्यावर पितळी टिंबं, एकामागे एक.
चष्मा पुसून पुन्हा लावायला सांगितलं.
"'स' गाठीपाशी फाटलाय."
नीट करू?
"नको. थोरल्या शेठनी कोपराला धक्का दिला होता,
लवकर आवर म्हणून. राहू दे तो धक्का."
मग, "किती वेळ दिसतं?"
नऊ सेकंद.
"मला पाऊण तास लागला होता."
आणि बऱ्याच वेळानं,
"पैसे दिले नव्हते त्यांनी."

दुसऱ्या दिवशी दुकानात नाव उमटलं,
फाटक्या 'स'सकट.
अरविंदशेठनी गिऱ्हाईक थांबवून तीनदा मशीन बंद-चालू केलं.
मी पहिलं बिल काढलं त्यांच्याच नावावर:
नाव घालणे. अक्षरे अकरा. रुपये साडेपाच. मागील बाकी.
शेठ हसले, मग हसले नाहीत.
गल्ल्यातून सहा रुपये मोजले,
"आठ आणे राहू दे."

घरी अण्णांनी नाणी तळहातावर घेतली,
पाच ठेवली, एक माझ्याकडे सरकवलं.
"आठ आणे परत देऊन ये.
काना-मात्रेचे आपण घेत नाही."

आठ आणे आता मिळतात कुठे, अण्णा?

ते बघत नव्हते माझ्याकडे.
टेबलाच्या कडेवर त्यांचं नख,
टर्रर्र.