पोटॅशियम दोन पॉइंट सात

सेलूच्या सरकारी दवाखान्यात जिन्याखाली माझी लॅब.
खिडकी उघडली की जिनिंगचा कापूस उडत येतो
आणि सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर बसतो.
झाडते. परत बसतो.

कुशावर्ता दगडू आवचार, वय एकतीस,
भिंत धरून आली.
म्हणाली, रात्री पिंढऱ्या पिळून काढल्यावानी होतात.
शीर सापडेना. डावा हात, उजवा हात,
शेवटी मनगटाजवळ एक निळी रेघ,
तीही नाखूश.

नळी फिरवून बाहेर काढली
तर तळाशी बोटाच्या पेराएवढं रक्त
आणि वर सगळी निवळ,
रात्रभर ठेवलेल्या ताकावर येते तशी.
माणसाच्या अंगात इतकी निवळ असू नये.

हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ.
त्याचं फार नवल नाही. इथं सात निघालं तर बायका म्हणतात,
यंदा बरंय.
पण दुसऱ्या मशीननं किरकिरत चिठ्ठी बाहेर ढकलली:
सोडियम एकशे बत्तीस,
पोटॅशियम दोन पॉइंट सात.

पुन्हा लावलं. कंट्रोल लावला. इलेक्ट्रोड धुतला.
नमुन्याला धक्का बसला, पेशी फुटल्या
तर पोटॅशियम खोटं खोटं वाढतं,
वीस वर्षांत किती रिपोर्ट फाडले मी त्यापायी.
घटायला मात्र
काहीतरी खरं लागतं.

जुलाब? नाही.
उलट्या? नाही.
गोळ्या? आशाताईंनी दिल्या होत्या लोहाच्या,
परसाकडला काळं होतंय म्हणून फेकल्या.
कच्छवे सरांपुढे साठ जणांची रांग.
मी हातमोजे काढले.

म्हटलं, कुशावर्ता, लहानपणी मी पाटीवरची पेन्सिल खायचे.
आई रोज विचारायची, कालच दिली होती, गेली कुठं?
दाताखाली करकर वाजायची,
आणि मला तर ती करकरच गोड लागायची.

ती बघत राहिली. मग हसली.
हसतानाही ओठ पांढरेच.
"रक्तात हे बी दिसतंय का म्याडम?"

ओच्यातून पुरचुंडी निघाली.
गावठाणातल्या पडक्या भिंतीची पांढरी माती,
तव्यावर भाजलेली, सुपारीएवढे खडे.
सरकीच्या ढिगाआड उभं राहून
दिवसाला दहा-बारा.
"सासू म्हणती, पोरीनं माती खाल्ली.
मी म्हणते, खरंच की."

सांगितलं तिला, जमेल तसं.
ही माती पोटात जाऊन गप बसत नाही,
तिथलं लोह धरते, पोटॅशियम धरते,
आणि हाताला धरूनच बाहेर नेते.
लोह कमी, म्हणून मातीची ओढ,
माती खाल्ली, म्हणून लोह कमी.
"मंग आधी कोण?" तिनं विचारलं.
मला माहीत नव्हतं.

ईसीजीच्या कागदावर
जिथं टेकड्या दिसायला हव्यात तिथं
आमच्याच मुलखासारखं सपाट रान होतं.
सरांनी कागद पाहिला आणि खुर्चीवरून उठले.
रात्री परभणीहून रक्ताच्या दोन पिशव्या आल्या.
पोटॅशियमचं औषध एक घोट घेऊन तिनं तोंड वाकडं केलं,
"ह्याच्यापरीस मातीच बरी,"
आणि सिस्टरच्या शिव्या खाल्ल्या.

पुरचुंडी माझ्याच टेबलावर राहिली.
लाल पिशवी, पिवळी पिशवी, निळा डबा, पांढरा डबा,
माती कशात टाकायची
ते भिंतीवरच्या तक्त्यात नाही.

कुलूप लावायच्या आधी
एक खडा नाकाशी नेला, उगीच.
चुलीतून नुकती निघालेली भाकर पाण्यानं शिंपावी
तसा वास.
तोंडाला पाणी सुटलं.

उद्या माझीही एक नळी लावावी म्हणते.