मुंग्या

मांडी घालून गवार निवडत होते,
उजव्या पायाला मुंग्या आल्या.
येतात. सगळ्यांनाच येतात.
सगळे पाय झटकतात, आई गं म्हणतात, उठतात.
मी घड्याळ बघते.

अकरा वीस.
चोवीस तास टिकल्या तर डॉक्टर केळशीकरांना फोन,
नाही टिकल्या तर नुसत्याच मुंग्या.
तोवर मी कुणीच नसते,
एक पाय असते फक्त,
गवारीच्या ताटाशेजारी ठेवलेला.

आजाराचं नाव एमएस.
नगरच्या आत्याबाईंना वाटलं, पदवी.
'या वयात शिकतेस, कौतुक आहे,' म्हणाल्या.
मी थँक्यू म्हटलं.

सोळा वर्षं कोथरूडच्या बायकांना गाडी शिकवली.
सकाळी सहाला, गांधी भवनाच्या मागच्या रस्त्यावर.
साडीतल्या, पंजाबीतल्या,
नवऱ्याला न सांगता आलेल्या.
सगळ्यांना एकच वाक्य:
चाकाकडे बघू नका. जिथं जायचंय तिथं बघा,
गाडी आपोआप तिकडं जाते.

आता मी उंबऱ्याकडे बघते.
पायपुसण्याच्या दुमडलेल्या कोपऱ्याकडे.
रात्री तीन वाजता
पुढच्या वर्षाकडे बघते,
आणि गाडी आपोआप तिकडं जाते.

एप्रिल लागला की दुपारी एक ते चार मी बंद.
ऊन अंगातल्या तारा सैल करतं.
पाटी तेवढी लावायची राहिलीय.

केळशीकर गुडघ्यावर हातोडी मारतात,
डोळ्यांपुढं बोट फिरवतात, लघवीचं विचारतात.
मागच्या खेपेला निघताना,
दाराची कडी हातात असताना, मी म्हटलं,
सकाळी दात घासायला कारण सापडत नाही.
उभे राहिलेले ते परत खाली बसले.
'हेही त्यातलंच असू शकतं. पण याला वेगळं औषध आहे.'
त्या 'वेगळं'चा राग आला की आधार वाटला,
अजून ठरत नाही.
अर्धी गोळी घेते, रात्री, दुधाबरोबर.
दात घासते. काही दिवस
कारणाशिवाय.

आज संध्याकाळी कुंदा ढमढेरे आली.
बावन्नाव्या वर्षी शिकलेली,
अजून दोन्ही पाय लोंबकळत ठेवून चालवते.
'बसा मॅडम मागं, म्हात्रे पुलापर्यंत जाऊन येऊ.'
नको म्हणायला तोंड उघडलं
तर तिनं त्यात हेल्मेटच घातलं, जवळजवळ.

बसले.
गाडी सुटताना तिचा खांदा घट्ट धरला,
माझा धरायच्या त्या सगळ्या, तसा.
कर्वे रोडला वारा होता, डिझेल होतं,
भाजलेल्या कणसांचा धूर.
साडेसहा. म्हणजे सात तास दहा मिनिटं.

नळ स्टॉपला सिग्नल लागला.
मान न वळवता कुंदा म्हणाली,
'पाय नीट ठेवलेत ना वर?'

मला माहीत नव्हतं.
'थांब,' म्हटलं,
'बघून सांगते.'