मधला कागद

लुडविका, स्वीडन. एकसष्ट सालचा हिवाळा, दुपारी तीनलाच काळोख.
साल्मेने पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच:
"कागदातून काही आरपार जातं, हे आधी डोक्यातून काढ."
अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख, कागद, पुन्हा वर्ख,
घट्ट गुंडाळी, आणि ती तेलात बुडवलेली.
या वर्खावरचा कणसुद्धा त्या वर्खावर पोचत नाही.
पोचलाच, तर कंडेन्सर मेला म्हणायचं.

"मग मीटरचा काटा कसा हलतो?"
ती हसली नाही. पेन्सिल कानामागे खोचली.
इकडे भरतं तेव्हा तिकडचं मागे सरतं,
सेकंदाला पन्नास आवर्तनं,
आणि मधले कागदाचे, तेलाचे रेणू
जागा न सोडता नुसती कूस बदलतात.
"जात कुणीच नाही रे. ओढ तेवढी जाते."

सगळे रेणू वेळेवर वळत नाहीत.
काही जरासे मागे राहतात,
तेवढ्यानेच तेल कोमट होतं.
त्या उशिराचा एक कोन असतो, आम्ही तो मोजायचो:
कानाला हेडफोन, हाताखाली ब्रिजची दोन बटणं,
आत हजार हर्ट्झची बारीक शीळ.
हे थोडं फिरव, ते थोडं, पुन्हा हे,
शीळ विरत जाते,
आणि जिथे ऐकू येईनाशी होते
तिथला आकडा वहीत.
ऐकू न येणं हेच उत्तर,
हे पटायला मला मार्च उजाडला.

जेवणाच्या सुट्टीत ती पत्र वाचायची.
समुद्रापलीकडून, टाल्लिनहून, बहिणीचं.
चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात होडीत एकच जागा होती.
याहून जास्त तिने कधी सांगितलं नाही.
पाकीट कुणीतरी आधीच फोडून चिकटवलेलं,
कडेने डिंक ओघळलेला.
बटाटे बरे आले. मांजरीला तीन पिल्लं.
मग कोरी जागा, मग सही.

एप्रिलात एक नग चाचणीत फुटला.
उलगडला, तर कागदाला सुईच्या टोकाएवढं काळं भोक.
"बुडबुडा," ती म्हणाली.
"तेल जिथे पोचत नाही ना,
सगळा ताण तिथेच गोळा होतो.
भरलेली जागा सोसते. पोकळी नाही सोसत."
आणि एप्रनच्या खिशावर,
जिथे पत्र होतं, तिथे तेलकट हात ठेवून
क्षणभर उभी राहिली.

मी बहिणीचं नाव विचारलं.
"वाइके."
त्यांच्या भाषेत शांततेशी नातं असलेला शब्द.
"आणि घरात सगळ्यात बडबडी तीच होती."

मग तिने हेडफोन चढवला, बटण फिरवू लागली.
हे थोडं, ते थोडं, पुन्हा हे.
बोटं थांबली.
आकडा मला माझ्या स्टुलावरून दिसत होता, मी तो लिहूनही घेतला.
तिने हेडफोन काढला नाही.