खोली दोनशे चार मागा

जिन्यातच गाठ पडली.
आमच्या पिशव्या खाली येत होत्या, त्यांच्या वर जात होत्या.
आमचं प्रदर्शन संपलेलं, त्यांचं उद्या सुरू.
गडहिंग्लज आणि अक्कलकुवा
तुर्भ्याच्या एका लॉजच्या दुसऱ्या वळणावर,
नाचणी-पापडांचे रिकामे डबे
आमचूरच्या भरल्या पोत्यांना अंग चोरून वाट देत.

अक्काताई मगदूमनं तोंड उघडलं आधी :
दोनशे चार मागा. दोनशे सहा घेऊ नका,
तिचा नळ रात्रभर कुणाशी तरी बोलत असतो.
गरम पाणी सहाला येतं, साडेसहाला विसरतं.
आणि ते चावीचं कार्ड भिंतीतल्या फटीत खोचा, मग दिवा लागतो.
आम्ही पहिली रात्र अंधारात काढली,
मॅनेजरला विचारायची लाज.

रुक्साना म्हणाली, साबणाच्या वड्या फोडू नका, घरी न्या.
पोरं वास घेत बसतात.
टॉवेल मात्र मोजतात हं.

स्टॉल कोपऱ्यातला दिला तर भांडा.
पंख्याखालचा दिला तरी भांडा.
आमचे पापड उडाले,
तुमचा आमचूर तर वाशीभर होईल.

त्यांच्यातली निंबाबाई पाडवी पोतं टेकवून म्हणाली,
ते झालं. पाहायला काय आहे?

मग सगळ्या एकदम.
नेरूळच्या बागेत जगातली आश्चर्यं आहेत, तिकीट काढून.
शेवंता चौगुले ताजमहालापुढं उभी राहिली,
फोटोत तीच मोठी आली, तो तिच्या खांद्याला.
मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर पाय टाकताना विचार करायचा नाही,
बेबीनंदानं केला,
तिच्यामागं पंधरा माणसं थांबली.
पामबीच रोडला बीच नाही, आधीच सांगते,
आम्ही चपला हातात घेऊन विचारत फिरलो.

खाडीवर जा पण, सीवूड्सच्या मागं,
पाण्याची वेळ विचारून जा.
गुलाबी पाखरं उतरतात. लांबून पाखरं वाटतच नाहीत,
कुणीतरी चिखलावर लुगडी वाळत घातलीत जशी.
कुठून येतात, निंबाबाईनं विचारलं.
गुजरातेतून म्हणे.
मग आमच्याच वाटेनं आली असतील, ती म्हणाली,
आणि पहिल्यांदा हसली.

मी पिशवीचा बंद आवळत होते.
मीही सांगितलं एकदोन :
लॉजचा चहा नको, कोपऱ्यावरचा घ्या.
रिक्षा मीटरनंच.

गुरुवारचं नाही सांगितलं.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, गल्ला रुक्सानाकडं दिला,
जरा पाय मोकळे करून येते म्हटलं,
आणि रस्त्यापलीकडच्या उडप्याच्या हॉटेलात शिरले.
किती जण, पोऱ्यानं विचारलं.
मी सवयीनं मागं वळून बघितलं.
सासूबाई, धाकटा, हे, गटातल्या बाया,
कुणीच नव्हतं.
एक, म्हटलं.
त्यानं फडकं मारलं, एकच ग्लास ठेवला.
मसाला डोसा आला तो मी मधूनच फोडला,
गरम, भाजी जिथं सगळ्यात जास्त असते तिथून.
कुणाला तुकडा काढून ठेवायचा नव्हता.
चटणी दोनदा मागितली.
काचेबाहेर बसवरच्या पाट्या वाचत बसले,
घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली,
कुठंच जायचं नव्हतं मला.

ऐंशी रुपये झाले.
गटाच्या वहीत मी ते रिक्षा म्हणून लिहिलेत,
आणि माझ्या पदरचे ऐंशी गल्ल्यात टाकलेत,
तरी खाडाखोड केली नाही.

खाली जीप हॉर्न वाजवायला लागली.
निंबाबाई कठड्यावरून वाकली,
ओ ताई, अजून काही?

दोनशे चारची खिडकी, मी म्हटलं,
घट्ट आहे.
दोन्ही हातांनी ढकला.