पाठपोट

वहीत नोंद केली: चामड्याची पानं एकशे अठरा,
मापं, भोकं, मेणाचे डाग.
पुस्तक कसलं, दरवाजाच हा.
फळ्यांचे पुठ्ठे, त्यांना पितळी गोंडे;
सिस्टर लुदोविना एका बाजूनं उचलते, मी दुसऱ्या.

पोर्तुगालातल्या कुठल्याशा मठात
सहाशे वर्षांमागं माद्रींसाठी लिहिलेलं गाणं.
मग गलबतातून, खारवलेल्या मांसाच्या पिंपांशेजारी,
जुन्या गोव्याच्या या टेकडीवर.

शिरोड्याला माझे बाबा घुमटं मढवायचे.
घोरपडीवर बंदी आली तेव्हा बकरीवर आले,
‘नाद गेला’ म्हणाले, हात थांबला नाही.
त्यांचं एक म्हणणं: कातडं मरत नाही, गप्प बसतं.
हवेत ओल आली की त्याला जनावर आठवतं.
तशीच ही पानं ऑगस्टात फुगतात,
कोपऱ्यांतून उठतात
खांद्याच्या, बरगड्यांच्या दिशेनं.
मी वाळूच्या पिशव्या ठेवते.
बाबा असते तर म्हणाले असते, विस्तवाजवळ धर.

पाठीची बाजू पिवळसर, केसांच्या मुळांचे ठिपके अजून दिसतात.
पोटाची पांढरी, तिथली शाई लवकर सुटते.
पाठपोट लिहिलंय, म्हणतो आपण सहज;
इथं ते अक्षरशः.
एका वासराच्या पाठीवर विनवणी
आणि पोटावर आमेन.

तांबड्या चार रेघा. त्यांवर सूर,
काळे, चौकोनी, चिंचोक्यांसारखे.
लॅटिन मला येत नाही. सिस्टरला येतं प्रार्थनेपुरतं.
पण त्र्याहत्तराव्या पानावर डोळ्याआधी बोट अडखळलं.
गुळगुळीत कातड्यावर नखाएवढी खडबडीत जागा.
चाकूनं खरवडून वर दुसरं अक्षर.

सिस्टर भिंग घेऊन वाकली. म्हणाली,
आधी इथं होतं, ‘तुझे सेवक’.
कुणीतरी केलंय, ‘तुझ्या सेविका’.
ओ काढून आ.
पुढच्या पानावर पुन्हा. त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा.
एक्केचाळीस मोजल्या.
एकीत तर चामडं आरपार.

मराठीत किती सोपं, मी म्हटलं,
‘आलो’चा काना पुसला की ‘आले’ उरते.
‘आणि आपण दोघी आलो तर?’
तर... आलोच.
काना परत जागेवर.

हसलो. हसताना मला चवथ आठवली,
बाबांच्या घुमटामागं बसून
‘दास तुझा मी, शरण आलो’
गळा काढून म्हणणारी मी, एकटी, नऊ वर्षांची.
पुसायचं सुचलंही नाही.
चाकू तर घरातच होता, कातड्यांचा.

एकशे दुसऱ्या पानाच्या खाली, समासात,
फिकट तपकिरी शाईत तीन शब्द.
सिस्टरनं लॅटिन म्हणून लावून पाहिले,
मग पोर्तुगीज म्हणून.
शेवटी मोठ्यानं वाचले, रोमी अक्षरं एकेक करून,
आणि दोघींनाही एकदम कळले:

हांगा स्वास घे.

कोण होती, कुठल्या वाड्यावरची,
बाप्तिस्म्याआधी तिला काय हाक मारत,
काहीच नाही. नुसतं एवढं,
की वर एकाच ‘आ’वर एकोणतीस सूर आहेत
आणि सतराव्यापाशी तिचा दम संपला होता,
आणि तिच्यानंतर त्या बाकावर उभी राहणारी कुणीतरी असेल
हे तिला माहीत होतं.

घे.
या शब्दाला पुसायला काना नाही.

मी बोट ठेवलं सतराव्यावर. गाता येत नाही मला.
छातीत हवा भरली,
खोलीतली, वाळवीच्या औषधाची,
आणि सोडायची कधी ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

साडेपाचची फोंड्याची बस. त्याआधी तक्ता भरायचा.
खरवडलेल्या जागांसाठी रकाना एकच: हानी.
लिहिलं, एक्केचाळीस.
मग ब्लेड घेतलं आणि हळूच खरवडलं.
कागद साधा, सरकारी.
लगेच भोक पडलं.