निष्क्रिय वेळ

डलूथच्या इस्पितळात डॉक्टर हाताया
रुग्णाला किती नि स्क्रीनला किती वेळ देतात
ते मोजायचं, हे माझं काम.
लॉगमध्ये सगळं येतं, सेकंदासकट:
औषधं सात मिनिटं, सह्या बावीस,
आणि रात्री घरून, बहुधा भांडी विसळून झाल्यावर,
आणखी दीड तास.

मंगळवारी रात्री अकरा चाळीसला
टोइवो लाम्पिनेनचं पान उघडलेलं.
खनिजाच्या धक्क्यावर जन्म काढलेला म्हातारा,
सकाळीच गेला.
रकाने सगळे भरलेले.
नऊ मिनिटं एकही कळ दाबलेली नाही.
मग सिस्टिमनंच बाईंना बाहेर काढलं.

नियम आहे: पाच मिनिटांपुढची शांतता
निष्क्रिय. वजा करायची.

केली.
परत मिळवली.
कुठल्या रकान्यात, ते सुचेना,
तोवर माझाही स्क्रीन काळा झाला.