काटा क्रमांक दोन

रास अल-मिल्ह. म्हणजे मिठाचं टोक.
पहिल्या दिवशी फोरमननं अर्थ सांगितला तेव्हा हसलो होतो.
म्हटलं, बरं झालं, ज्याचं मीठ खायचं
त्याचं नावच ठाऊक असलेलं बरं.
सतरा वर्षं झाली.

केबिन चार बाय सहा. एसी गळतो,
खाली श्रीखंडाचा रिकामा डबा.
खिडकीखाली काटा. ट्रक चढतो, आकडे थरथरतात,
मग ठरतात.
तो ठरण्याचा क्षण मला आवडायचा.
गुहागरला सोसायटीच्या दुकानात वडील रॉकेल मोजायचे,
मापातला फेस बसेपर्यंत थांबायचे.
गिऱ्हाईक वैतागायचं.
ते थांबायचे.

रमजानच्या आधीच्या आठवड्यात डाळिंबं आली.
कागदावर अठरा टन दोनशे.
काट्यावर एकोणीस टन चारशे दहा.
बाराशे दहा किलो डाळिंबं
जगात कुणी कुणाला फुकट पाठवत नाही.
लिहिलं मी तसं. लाल शाईनं.

पहाटे कॅप्टन फलाह आला. एकटाच.
गणवेशाची इस्त्री सांभाळत स्टुलावर बसला,
थर्मासमधून कॉफी ओतली, वेलचीचा वास,
आधी मला, मग स्वतःला.
धमकी नाही, आवाज नाही.
यंत्रं थकतात म्हणाला, माणसांसारखीच.
मग म्हणाला, तुझी मुलगी फार्मसीला ना?
दुसऱ्या वर्षाला?

मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

फॉर्म छापीलच होता:
काटा क्रमांक दोन, दोष आढळला, दुरुस्ती प्रलंबित.
खाली माझं नाव, स्पेलिंगसकट बरोबर.
पेन त्याचं होतं. चांगलं पेन होतं.

पुढे त्यांचं आपापसांत बिनसलं,
किनारा दलाचं आणि मंत्रालयाचं,
वाटा कुणाचा किती, यावरून म्हणे.
मग कुणीतरी सापडणं भाग होतं.
सापडला दिलावर सारंग, दाभोळचा,
ट्रेलरवर आठ वर्षं, हॉर्नसुद्धा जपून वाजवणारा.
सीटखाली चाळीस गोळ्या.
पिशवी आमच्याच कँटीनची, खुबूसवाली.
काट्यानं काटा काढावा म्हणतात आपल्याकडे.
इथे काट्यानं माणूस काढला.

टीव्हीवर मोठे साहेब आले.
छातीवर रंगीत पट्ट्या, पुढ्यात पुड्यांची भिंत.
म्हणाले, उद्या सगळा साठा जाळणार, जनतेसमोर.
जनता म्हणजे सहा कॅमेरे.

सकाळी लष्करी ट्रक भट्टीकडे निघाला.
नियम म्हणून काट्यावर चढला:
तेरा टन सहाशे वीस.
दुपारी वाळवंटाकडे धूर. काळा, जाड.
टायरचा वास मला कळतो.
संध्याकाळी तोच ट्रक, तीच ताडपत्री, तीच गाठ.
आकडे थरथरले.
मी फेस बसायची वाट पाहिली.
तेरा टन सहाशे.

वीस किलो. तेवढं तर डिझेलच जळलं असेल.

ट्रकमधल्या पोरगेल्या शिपायानं वर पाहिलं.
मी खाली पाहिलं.
फाटक उघडायचं बटण हिरवं आहे,
माझ्या अंगठ्यानं गुळगुळीत झालेलं.

शुक्रवारी दिलावरच्या बायकोचा फोन येतो.
भावजी, तिकडं सरकार वकील देतं ना?
भावजी, तुम्ही तर काट्यावर असता,
तुमच्यासमोरनंच जातं सगळं.
जातं वहिनी, म्हणतो,
पण यंत्रात दोष आहे. लिहून दिलंय तसं.
ती काही बोलत नाही.
मागे बोटीचं इंजिन सुरू होतं, बंद पडतं,
पुन्हा कुणीतरी दोरी ओढतं.

काल रात्री स्वयंपाकाची पाळी माझी होती.
खोलीत आम्ही चौघं, एकच परात.
भातात मीठ घालायला हात उचलला
आणि तसाच खाली आला.
पहिला घास घेऊन एक जण म्हणाला, अळणी आहे.
दुसरा म्हणाला, खा गप.